अ‍ॅक्युसम्प ऑइल अ‍ॅक्युम्युलेटर: अ‍ॅम्बॅसेडर आणि एमजीबीच्या बेरिंगला त्याचा उपयोग किती?

पावसाळाभर कव्हरखाली उभी राहिलेली जुनी गाडी सेल्फ मारून चालू केली की ऑइल प्रेशरचा काटा हलायला काही सेकंद जातात. इंजिन मात्र तेवढ्यात फिरायला लागलेलं असतं. क्रँकचं जर्नल (बेरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) आणि बेरिंगचा शेल (त्याभोवतीची वाकवलेली पातळ पट्टी) यांच्यामध्ये जे उरलंसुरलं तेल असेल, त्याच्यावरच ते काही सेकंद निघतात. कॅन्टन रेसिंग प्रॉडक्ट्स या अमेरिकन कंपनीचा अ‍ॅक्युसम्प मुळात शर्यतीच्या गाड्यांसाठी निघाला. जोरात वळताना तेल चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो, त्या क्षणी साठवलेलं तेल पुरवणं हे त्याचं काम. पण क्लासिक गाडीवाले तो घेतात ते चालू करण्याआधी बेरिंगला तेल पोचवण्यासाठी, आणि इथे त्याच वापरापुरता त्याचा विचार केला आहे. इंजिन धरलंय ते बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीचं बी-सिरीज: अ‍ॅम्बॅसेडरमधलं १४८९ सीसी आणि एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमधलं १७९८ सीसी.

निर्णय आधी सांगून टाकतो. वस्तू चांगली आहे, तिच्यामागचं तत्त्व पक्कं आहे. मात्र नव्यानं बांधलेलं इंजिन आणि महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी, या दोन गोष्टी एकत्र असतील तरच ती पैसे वसूल करते. रोज चालणाऱ्या अ‍ॅम्बॅसेडरला तिची गरज नाही. जिचे बेरिंग आधीच वाजतायत तिला तर अजिबात नाही. आणि चुकीची वापरली, तर काहीच न बसवलेल्या गाडीपेक्षा जास्त झीज होते. ते कसं, हे पुढे येईल.

झीज कुठे आणि का होते

इंजिन चालू असताना जर्नल शेलला टेकलेलं नसतं. फिरता फिरता ते तेलाला फटीच्या अरुंद बाजूला ओढून नेतं. तिथे तेलाचा दाब पंपाच्या दाबाच्या कित्येक पट वाढतो आणि जर्नल तेलाच्या थरावर उचललं जातं. म्हणजे भार पंप उचलत नाही. पंपाचं काम ती फट सतत भरलेली ठेवण्याचं. गेजवर ५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दिसले म्हणजे बेरिंग सुखात आहे असं नाही, आणि गरम इंजिन आयडलला १५ दाखवत असेल म्हणजे बेरिंग गेलं असंही नाही. एमजीबीसाठी कंपनीचेच आकडे आहेत: चालताना ५० ते ८०, आयडलला १० ते २५ पीएसआय.

त्याच इंजिनात मेन बेरिंगची (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेरिंगची) फट ०.००१ ते ०.००२७ इंच, म्हणजे मिलिमीटरच्या पाव दशांशापासून पाऊण दशांशाच्या आतली. शेल म्हणजे पोलादी पाठ, तिच्यावर कॉपर-लेड किंवा अ‍ॅल्युमिनियम-टिनचा थर, आणि कॉपर-लेडच्या शेलवर सगळ्यात वर शिसं-मिश्रित धातूचा अगदी पातळ मऊ थर. हा मऊ थर मुद्दाम असतो. बारीक कचरा त्यात रुतावा आणि जर्नल वाचावं. सुरुवातीच्या कोरड्या फेऱ्यांमध्ये घासला जातो तो हाच थर. तो गेला की खालचा तांब्याच्या रंगाचा धातू उघडा पडतो, कचरा रुतून बसायला जागा उरत नाही आणि मग जर्नलवर ओरखडे यायला लागतात.

तेलाचा प्रवासही लक्षात घ्यायला हवा. पंप, फिल्टर, मेन गॅलरी (ब्लॉकमधला तेलाचा मुख्य मार्ग), मेन बेरिंग, आणि तिथून क्रँकमधल्या भोकांतून बिगएन्ड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेरिंग. बिगएन्डला तेल सगळ्यात शेवटी मिळतं आणि पिस्टनचा दणका मात्र थेट त्याच्यावर. म्हणून जुन्या इंजिनात आधी वाजतं ते बहुधा बिगएन्ड. अ‍ॅम्बॅसेडरच्या १४८९ इंजिनात मेन बेरिंग तीनच आहेत. एमजीबीला १९६४ पर्यंत तीन आणि त्यानंतर पाच. तीन मेनच्या क्रँकमध्ये लवचिकता जास्त असते, त्यामुळे मधल्या मेनकडे जास्त लक्ष द्यावं.

एकूण झिजेपैकी अमुक टक्के झीज चालू करतानाच होते, असे आकडे जाहिरातींत सतत दिसतात. त्या टक्केवारीवर काही ठरवू नये. गाडी किती वेळा आणि किती दिवसांनी चालू होते, तेल कोणतं, फिल्टर तेल धरून ठेवतो की सोडतो, यावर तो आकडा पूर्ण बदलतो.

आत काय आहे

अ‍ॅक्युसम्प म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची जाड नळी आणि तिच्या आत ओ-रिंग लावलेला सुटा पिस्टन. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला तेल. हवेच्या बाजूला टायरसारखा व्हॉल्व्ह आणि छोटा गेज, तेलाच्या बाजूला होसचं तोंड आणि बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह. इंजिन चालू असताना तेल आत शिरतं, पिस्टन सरकतो, हवा दाबली जाते. व्हॉल्व्ह बंद करून इंजिन थांबवलं की तो दाब आत कोंडून राहतो. पुढच्या वेळी चावी फिरवण्याआधी व्हॉल्व्ह उघडला की हवा तेलाला गॅलरीत ढकलते. इतकी साधी रचना असल्यामुळे बिघडण्यासारखं फार काही नाही. एक क्वार्ट, दोन क्वार्ट आणि तीन क्वार्ट अशी मापं मिळतात, म्हणजे साधारण ०.९५, १.९ आणि २.८ लिटर.

पण दोन क्वार्टची नळी घेतली म्हणजे दोन क्वार्ट तेल साठतं असं नाही, आणि हा हिशेब विकणारे सांगत नाहीत. रिकाम्या नळीत आधी थोडी हवा भरून ठेवायची असते. कंपनीच्या कागदावर जो आकडा असेल तोच ठेवावा. इथे हिशेबापुरते १० पीएसआय धरू. वातावरणाचे १४.७ मिळवले की झाले २४.७. इंजिनाचा दाब ५० असेल तर ६४.७. हवा आकसून मूळ जागेच्या ३८ टक्क्यांवर येते, म्हणजे उरलेल्या ६२ टक्के जागेत तेल. दोन क्वार्टच्या नळीत सुमारे १.१७ लिटर. आता तेच इंजिन गरम होऊन आयडलला २० पीएसआयवर आलं, तर २४.७ भागिले ३४.७. तेल उरतं फक्त २९ टक्के जागेत, जेमतेम ०.५५ लिटर. बाकीचं सगळं परत चेंबरमध्ये गेलेलं असतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: गाडी लावताना आयडलवर व्हॉल्व्ह बंद केला तर अर्धंच तेल आणि तेही कमी दाबाचं हाताशी राहतं. रेस देऊन इंजिन १५०० ते २००० आरपीएमवर धरायचं, काटा वर स्थिरावला की व्हॉल्व्ह बंद करायचा, मग चावी काढायची. क्रम हाच. दुसरी: हवेचा सुरुवातीचा दाब वाढवून फायदा होत नाही. तो २५ ठेवला तर ५० पीएसआयला तेल साठतं केवळ ०.७३ लिटर, आणि आयडलला २० असताना एक थेंबही नाही. उलट हवा पूर्ण गेलेली असेल तर तेल भरपूर शिरतं, पण शेवटचं तेल ढकलायला मागे जोर उरत नाही.

बी-सिरीजसाठी दोन क्वार्ट पुरेसं आहे. इंजिनातच सगळं मिळून चार लिटरच्या आसपास तेल असताना तीन क्वार्टची नळी लावली तर चेंबरमधली पातळी फार खालीवर होते.

कोणता व्हॉल्व्ह

हाताचा बॉल व्हॉल्व्ह, साधा इलेक्ट्रिक सोलेनॉइड, आणि प्रेशर स्विच असलेला ईपीसी, असे तीन पर्याय आहेत. ईपीसीचा स्विच २०–२५, ३५–४० किंवा ५५–६० पीएसआयचा मिळतो. इंजिनाचा दाब त्या आकड्याखाली गेला तरच तो आतलं तेल सोडतो. ३५ किंवा ५५ चा व्हॉल्व्ह जुन्या इंजिनावर लावू नये. गरम आयडलला दाब त्याखाली येणारच, म्हणजे प्रत्येक सिग्नलला नळी रिकामी होत राहणार आणि चेंबर भरत राहणार. २०–२५ चा चालेल, पण एमजीबी गरम होऊन आयडलला १५ वर आली तर तोही उघडतो.

रस्त्यावरच्या क्लासिक गाडीला आमची पसंती हाताच्या बॉल व्हॉल्व्हला. स्वस्त, विजेवर अवलंबून नाही, आणि उघडला-मिटला हे डोळ्यांना दिसतं. अडचण एकच. तो बॉनेटखाली असेल तर दर वेळी बॉनेट उघडावं लागतं, आणि मग माणूस कंटाळा करतो. केबल लावून त्याचा दांडा डॅशखाली आणता येतो. ते काम सुरुवातीलाच करून घ्यावं.

सोलेनॉइड घेतलात तर त्याला स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्या. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगमध्ये हिरवी वायर म्हणजे फ्यूजमागचा इग्निशन सप्लाय. रिलेचा सिग्नल तिथून घेता येतो. १९६७ पर्यंतच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ आहे (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं), त्यामुळे डायोड असलेला सोलेनॉइड किंवा रिले उलटा जोडला जाणार नाही याकडे लक्ष हवं. सोलेनॉइडचा एक तोटा असा की चावी बंद करताच तो मिटतो, म्हणून चावी बंद करण्याच्या क्षणी रेस वर असणं आणखी महत्त्वाचं.

बसवताना

बी-सिरीजवर कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या बाजूला, तर फिल्टर आणि डिस्ट्रिब्युटर उजव्या. म्हणून नळी उजव्या बाजूच्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर घ्यावी; उष्णतेपासून लांब आणि होस आखूड. अ‍ॅम्बॅसेडरच्या बॉनेटखाली जागेला तोटा नाही. नळी आडवी, उभी कशीही चालते, पण क्लँप पत्र्याला नुसते स्क्रूनं नकोत. मागे जाड पट्टी देऊन नट-बोल्टनं आवळा. तेल भरलेली नळी जड होते आणि खड्ड्यांत तिचा झोका पत्रा फाडतो.

होस आतून अर्धा इंच, तेलाचा आणि उष्णतेचा, दाब सोसणारा. इथे काटकसर नको. बारीक होस लावला तर थंड घट्ट तेल हळूहळू येतं आणि सगळा उद्देश बुडतो.

जोड कुठे द्यायचा हा मुख्य प्रश्न. तेल थेट गॅलरीत जावं, म्हणून फिल्टरच्या इंजिनाकडच्या बाजूला टी (तीन तोंडांचा जोड) द्यावा. एमजीबीत ब्लॉकच्या मागच्या बाजूनं होस निघून ऑइल कूलरमार्गे फिल्टरला येतो. तिथे टी देणं सोपं पडतं, पण ती बाजू फिल्टरच्या आधीची आहे. तिथे दिलंत तर पंपाच्या दिशेला एक चेक व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर साठवलेल्या तेलातलं काही पंपाच्या फटींतून उलटं चेंबरमध्ये जातं. चेक व्हॉल्व्ह मोठ्या भोकाचा घ्या आणि बाणाची दिशा दोनदा बघा. तो उलटा बसला तर इंजिनाला तेलच मिळत नाही.

आटे हा इथला खरा सापळा. ब्रिटिश इंजिनांचे आटे बीएसपी, अमेरिकन नळीचे एनपीटी. अर्धा इंच मापात दोन्हींना इंचाला १४ आटे आहेत, त्यामुळे एकात दुसरं छान फिरत जातं आणि बसल्यासारखं वाटतं. पण बीएसपीचा कोन ५५ अंश आणि एनपीटीचा ६०. गरम झाल्यावर तिथून तेल झिरपायला लागतं, आणि जास्त आवळलं तर अ‍ॅल्युमिनियमचं तोंड तडकतं. योग्य अ‍ॅडॉप्टर मागवूनच काम सुरू करा. टेफ्लॉन टेप वापरू नका. तिचे धागे सुटून ऑइलच्या भोकांत अडकतात. द्रव सीलंट, तोही पहिले दोन आटे सोडून.

पहिल्यांदा तेल भरताना घाई करू नये. हवेचा दाब ठरवून घ्या, व्हॉल्व्ह बंद ठेवा, इंजिन नेहमीच्या खुणेपर्यंत भरून चालू करा आणि गरम होऊ द्या. मग जलद आयडलवर व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडा. काटा खाली झुकला की थांबा, वर आला की पुन्हा. नळी तेल ओढते तशी चेंबरमधली पातळी खाली जाते. म्हणून नळी एकदम न भरता मध्ये व्हॉल्व्ह मिटवून, इंजिन बंद करून, डिपस्टिक बघून अर्धा-अर्धा लिटर घालत जा. शेवटी पातळी खुणेवर असायला हवी ती नळी भरलेली आणि व्हॉल्व्ह बंद असताना. आता एकदा नळी पूर्ण रिकामी करून पुन्हा डिपस्टिक बघा आणि तेल कुठपर्यंत चढतं त्याची स्वतंत्र खूण करून ठेवा. ती पातळी क्रँकच्या वेबपर्यंत (जर्नलांना जोडणाऱ्या जाड पात्यांपर्यंत) जाता कामा नये. गेली, तर क्रँक तेल घुसळून फेस करतो आणि पंप फेस ओढतो.

चुकीचा वापर घातक कसा

गाडी लावताना व्हॉल्व्ह उघडा राहिला की साठवलेलं सगळं तेल बेरिंगमधून निथळून थोड्याच वेळात चेंबरमध्ये उतरतं. नळी रिकामी. पुढच्या वेळी, म्हणजे कदाचित महिन्यानं, इंजिन चालू केलं की पंपाला आधी ती रिकामी नळी भरावी लागते आणि त्याच वेळी गॅलरीही. बेरिंगला दाब मिळायला अ‍ॅक्युसम्प नसलेल्या गाडीपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून नियम असा: चालू करण्याआधी नळीचा गेज बघा. त्यावर नुसता हवेचा मूळ दाब दिसत असेल तर आत तेल नाही. व्हॉल्व्ह बंदच ठेवून गाडी चालू करा आणि दाब आल्यावर सावकाश उघडा.

तेल साठलेलं असेल तर व्हॉल्व्ह उघडा, डॅशवरचा काटा चढेपर्यंत थांबा आणि तो वर असतानाच सेल्फ मारा. उघडून गप्पा मारत उभं राहायचं नाही. काटा पुन्हा खाली येतो. अ‍ॅम्बॅसेडरच्या काही मॉडेलांत गेज नसून नुसता लाल दिवा असतो. त्यांनी आधी मेकॅनिकल ऑइल गेज बसवावा. अगदी अ‍ॅक्युसम्प घ्यायचा नसला तरीही.

तेल बदलतानाही नळी विसरू नये. चेंबरचा नट काढल्यावर इंजिन बंद ठेवून व्हॉल्व्ह उघडला की आतलं जुनं तेल बाहेर येतं. हे केलं नाही तर नव्या तेलात लिटरभर जुनं मिसळतं.

जे याच्या आवाक्यात नाही

बेरिंग खाणाऱ्या बऱ्याच गोष्टी चालू केल्यानंतरच्या आहेत, आणि त्यांच्यापुढे अ‍ॅक्युसम्प काही करू शकत नाही.

पहिली धूळ. एअर क्लीनरची कडा नीट बसत नसेल, ऑइल-बाथ क्लीनरमधलं तेल चिखल झालं असेल, ऑइल फिलरचं झाकण सैल असेल, तर रस्त्यावरची धूळ थेट तेलात जाते. फिल्टर मोठे कण पकडतो, पण तो तुंबला किंवा तेल थंड आणि जाड असलं की त्याचा बायपास उघडतो आणि गाळल्याशिवाय तेल पुढे जातं.

दुसरी, तेलात पेट्रोल. एसयू कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल अडकली, चोक पूर्ण परत गेला नाही, किंवा ब्लॉकवर मेकॅनिकल पेट्रोल पंप असलेल्या गाडीत त्याचा डायफ्रॅम फाटला, की तेल पातळ होतं. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर ती गाडी एक किलोमीटरही चालवू नये. आता पंपावर मिळणारं पेट्रोल इथेनॉलमिश्रित आहे आणि जुने रबरी डायफ्रॅम त्यात टिकत नाहीत. इथेनॉलला चालणारा डायफ्रॅम किट घालणं बेरिंगसाठीही तितकंच गरजेचं आहे.

तिसरी, पाणी आणि कूलंट. हेड गॅस्केटमधून कूलंट तेलात आलं तर ग्लायकॉलचा चिकट गाळ होतो आणि कॉपर-लेडचे शेल फार लवकर जातात. फिलर कॅपखाली थोडा पांढरा साय असणं म्हणजे नुसती वाफ असू शकते. डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ झालं असेल तर गॅस्केट बघायलाच हवं. शेजारच्या किराणा दुकानापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत तेल कधी पुरतं तापत नाही, पाणी उडून जात नाही, आणि तेलात आम्ल साठतं. जून लागण्याआधी, गाडी उभी करायच्या वेळी, तेल बदलावं. पावसाळा संपल्यावर बदललं तर ते आम्ल चार महिने शेलवर बसलेलं असतं.

चौथी, चालवण्याची रीत. चढावर टॉप गियरमध्ये इंजिन दाबून नेलं की आरपीएम कमी आणि भार जास्त. तेलाचा थर सगळ्यात पातळ होतो तो तेव्हाच. घाटात गियर उतरवायला आळस नको. टाइमिंग जास्त अ‍ॅडव्हान्स असेल आणि इंजिन नॉकिंग करत असेल तर प्रत्येक ठोका वरच्या बिगएन्ड शेलवर बसतो.

तेलाबद्दल एवढंच: २०डब्ल्यू-५० मिनरल. ‘२०डब्ल्यू’ हे माप उणे १५ अंशांवर सेल्फ फिरण्याच्या चाचणीवर ठरतं, त्यामुळे महाबळेश्वरच्या डिसेंबरातही ते जड पडत नाही. जास्त झिंक असलेलं तेल बेरिंगसाठी घेतलं जातं, पण झिंकचं काम कॅम आणि टॅपेटवर आहे. बेरिंगला हवं स्वच्छ तेल आणि योग्य जाडी.

बिनखर्चाचा आणि कमी खर्चाचा मार्ग

अ‍ॅक्युसम्पचं जे मुख्य काम, ते बरंचसं फुकटात करता येतं. गाडी दोन-तीन आठवड्यांहून जास्त उभी असेल तर चारही प्लग काढा, कॉइलची डिस्ट्रिब्युटरकडची बारीक वायर सोडा आणि सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मध्ये तेवढीच विश्रांती द्या. काटा हलला की थांबा. प्लग नसल्यामुळे कॉम्प्रेशनचा भार बेरिंगवर येत नाही. इंजिन हलकं फिरतं आणि पंप तेल पोचवतो. हँडल लावायची सोय असलेल्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये हेच काम इग्निशन बंद ठेवून हँडलनं करता येतं, बॅटरीवर ताण नाही.

दुसरं, फिल्टर. एमजीबीच्या काही वर्षांच्या इंजिनांवर स्पिन-ऑन फिल्टर उलटा, तोंड खाली करून बसतो. त्याच्या आतला अँटी-ड्रेनबॅक (तेल मागे निथळू न देणारा) व्हॉल्व्ह कडक झाला की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पंप आधी तो भरत बसतो. सिलिकॉनचा व्हॉल्व्ह असलेला चांगला फिल्टर घेतला की हा दोष जातो. ज्यांना वाटतं आपल्याला अ‍ॅक्युसम्प हवा, त्यातल्या बऱ्याच जणांना खरं तर हा फिल्टर हवा असतो.

विजेवर चालणारा प्री-ऑइलर पंपही मिळतो. तो चेंबरमधूनच तेल घेतो, त्यामुळे पातळी खालीवर होत नाही आणि व्हॉल्व्ह विसरण्याचा धोका नाही. पण ओढणारी नळी चेंबरच्या नटाजवळ खाली लटकते आणि आपल्या स्पीडब्रेकरवर ती घासण्याची भीती कायम राहते. अ‍ॅम्बॅसेडरला उंची आहे, एमजीबीला नाही.

घ्यायचा कोणी

क्रँक ग्राइंड करून, नवे शेल घालून, फट प्लॅस्टिगेजनं (फटीत चपटा होणाऱ्या मापाच्या दोऱ्यानं) मोजून बांधलेलं इंजिन असेल, आणि गाडी वर्षातून मोजक्या वेळा निघत असेल, तर दोन क्वार्टचा अ‍ॅक्युसम्प, हाताचा व्हॉल्व्ह आणि केबल असा संच घ्यावा. नवं इंजिन पहिल्यांदा चालू करतानाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा होतो. तेव्हा गॅलरी पूर्ण कोरडी असते आणि शेलवर फक्त बांधताना लावलेलं असेंब्ली ल्यूब. अशा वेळी नळीत हाती तेल भरून, मागून हवेचा दाब देऊन, सेल्फ मारण्याआधीच रॉकरपर्यंत तेल आलेलं बघता येतं.

ब्रिटन-अमेरिकेत एमजीबी बाळगणाऱ्यांना हा संच सहज मिळतो आणि हिवाळाभर गाडी गॅरेजमध्ये असल्यामुळे त्यांच्यासाठी तो चपखल आहे. भारतात नळी, व्हॉल्व्ह, होस, अ‍ॅडॉप्टर, वाहतूक आणि ड्यूटी धरली की खर्च अ‍ॅम्बॅसेडरच्या पूर्ण शेल-संचाच्या कित्येक पट होतो. त्या पैशात आधी गेज, फिल्टर, डायफ्रॅम किट आणि एअर क्लीनरचं काम उरकावं.

जुन्या इंजिनावर बसवायचाच असेल तर आधी बेरिंगची अवस्था बघा. तेल बदलताना काढलेला फिल्टर कापा आणि त्याचा कागद उजेडात पसरा. बेरिंगचा धातू चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे चेंबरचा मॅग्नेटिक नट स्वच्छ दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. मऊ राखाडी पापुद्रे दिसले तर वरचा थर चाललाय. तांब्यासारखी चमक दिसली तर चेंबर उतरवून शेल बदलण्याची वेळ आली आहे. शेलच्या पाठीवर ०१० किंवा ०२० असं अंडरसाइजचं (क्रँक घासून किती बारीक केलाय त्याचं, इंचाच्या हजारांशांत) माप छापलेलं असतं, ते बघितल्याशिवाय नवा संच मागवू नका.

आणि ज्या इंजिनाचं बेरिंग एकदा गेलं, त्याच्यावरचा अ‍ॅक्युसम्प तसाच नव्या इंजिनाला लावू नये. पिस्टनच्या तेलाकडच्या बाजूला धातूचा कचरा साठून राहतो आणि फिल्टरनंतरचा जोड असेल तर पहिल्याच वेळी तो सरळ नव्या शेलवर जातो. नळी उघडून पिस्टन काढा, केरोसीननं धुवा, भिंतीवर ओरखडे आहेत का बघा, ओ-रिंग नव्या घाला आणि होस धुण्याऐवजी बदलाच. आतल्या रबरात रुतलेले कण धुऊन निघत नाहीत. ऑइल कूलरचंही तसंच. एरवी वर्षातून एकदा हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबून बघावी. नुसती हवा आली तर ओ-रिंग ठीक आहेत. हवेबरोबर तेलाचे तुषार आले तर पिस्टनची सील गेली आहे, आणि ती बदलेपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवूनच गाडी चालवावी.